हद्दीच्या दगडांना शेंदूर

आमच्या गावच्या शाळेच्या दोन खोल्यांची फाईल मी जवळजवळ चार महिने हातात धरून फिरलो. माझा तिच्याशी तसा काही संबंध नव्हता. मी परभणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, वसतिगृहात राहत होतो, आणि नकाशे, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता यांतलं मला काहीच कळत नव्हतं. पण माझ्या वडिलांना, त्यांना आम्ही दादा म्हणतो, शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलं गेलं. केलं गेलं म्हणजे दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. दादा मेंढ्या वाड्यात घालून बैठकीला पोचले, तोवर त्यांचं नाव लिहून झालं होतं.

"तुमची मुलगी शाळेत आहे, मुलगा कॉलेजात आहे, तुमच्याहून योग्य कोण?" असं हेडमास्तर म्हणाले म्हणे. दादा चौथी शिकलेले. वाचता येतं, पण ओळीखाली बोट ठेवून. घरी आल्याबरोबर त्यांनी मला फोन केला.

"तू तिथंच हाईस की. हापिसंबी तिथंच हायत. वर्ग सुटला की जाऊन यायचं, दुसरं काय?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे घरच्यांना वाटतं, कॉलेजात सगळंच शिकवत असतील, कचेरीत कसं बोलायचं तेसुद्धा. खरं सांगायचं तर मला कचेरीच्या दारातून आत जायचीच भीती वाटायची. "आत येऊ का" हे मी इतक्या हळू म्हणायचो की आतल्यांना ऐकू जायचं नाही. मग मी तसाच उंबऱ्यावर उभा, आणि येणारे-जाणारे मला बाजूला सरकवून आत.

पण जायचं तर होतंच. शाळेच्या निजामकालीन दोन खोल्या धोकादायक ठरवून पाडल्या त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून सहावी-सातवीचे वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरत होते. नव्या खोल्यांसाठी निधी आला होता. मार्चअखेर मंजुरी झाली नाही तर तो परत जाणार आणि जूनपासून सहावी-सातवी गावात बंद करून मुलं ताडकळसच्या शाळेला जोडणार, असं पत्र हेडमास्तरांना आलं होतं. माझी धाकटी बहीण तेव्हा सहावीत होती.

ताडकळस आमच्यापासून तसं लांब नाही. पण एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, तीही आली तर. पोरं कुणाच्याही मोटारसायकलवर मागे बसून जातात, पोरींचं तसं होत नाही. माझी आक्का पाचवीनंतर घरी बसली ती अशीच. तेव्हा गावात पाचवीच्या पुढे शाळा नव्हती. मायनं धाकटीच्या बाबतीत आधीच सांगून टाकलं होतं, "गावात खोल्या झाल्या तर शिकंल. न्हाई तर राहील घरी. मी रोज तिच्या मागं ताडकळसला जाऊ का मेंढराच्या मागं जाऊ?" माय वाईट बोलत नव्हती. खरंच तिला दोन ठिकाणी जाता आलं नसतं.

म्हणजे त्या फाईलमध्ये कागदोपत्री दोन खोल्या होत्या, पण मी ती उचलायचो तेव्हा मला त्यात धाकटी दिसायची.

फाईल तपासणाऱ्यांना कचेरीत सगळे मोठे बाबू म्हणत. केस पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. पहिल्या दिवशी त्यांनी फाईल उघडलीच नाही. वर ठेवलेल्या नकाशाकडे बघून विचारलं, "ही घडी कुणी घातली?"

"मी, सर."

"लुगडं हाय का हे?"

शेजारच्या टेबलावरच्या मॅडम हसल्या. नकाशाची घडी अशी पडली पाहिजे की उजव्या कोपऱ्यातली नाव-गाव-मापाची चौकट वर यावी, हे मोठ्या बाबूंनी मला करून दाखवलं. नीट दाखवलं, दोनदा. मग म्हणाले, "चारी प्रतींना अशी घालून आणा." माझ्याकडे तीनच प्रती होत्या. चौथी लागते हे पत्रात कुठेच नव्हतं.

पुढच्या खेपेला नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. स्टेशन रोडला एक जण नकाशे काढून द्यायचा, त्याच्याकडून बाण काढून आणला. तर ठरावावर हेडमास्तरांचा गोल शिक्का सहीच्या शेजारी पडलेला. तो अर्धा सहीवर यायला पाहिजे होता. त्यासाठी गावी जाऊन यायचं म्हणजे एक दिवस. लोक समजतात तसं मोठ्या बाबूंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. त्यांना फाईल फक्त बरोबर पाहिजे होती. पण बरोबर म्हणजे काय, हे ते एका वेळी एकच सांगत.

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, जे जे राहिलंय ते एकदाच सांगता का? म्हणजे मी एकाच खेपेत आणतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "फाईल वाचल्याशिवाय कसं सांगू? आणि ती बरोबर नसेल तर वाचू कशी?"

खाली येऊन मी सायकल स्टँडजवळ बराच वेळ उभा राहिलो आणि मनात त्यांना खूप काही बोललो. तिकडे इतिहासाचे तास बुडत होते. सरांनी भर वर्गात विचारलं, "कुठं असता महाराज?" मी खरं सांगितलं, "शाळेच्या कामाला, सर." सर म्हणाले, "आधी हे कॉलेज पूर्ण करा, मग शाळेत जा." सगळा वर्ग हसला.

जानेवारीत एक पत्र निघालं आणि मला वाटलं, सुटलो. पाहणीसाठी अभियंता गावात येणार होते. पत्रात एक ओळ होती: जागेच्या हद्दीच्या खुणा छायाचित्रात ठळक दिसतील अशा करून ठेवाव्यात. मी दादांना फोन लावला.

"दादा, मोजणीवाल्यानं कोपऱ्याला चार दगड रवले होते, ते हायत न्हवं?"

"हायत की. गाजरगवतात गेलेत."

"ते मोकळे करा अन् लाल रंगवून ठेवा. फोटोत दिसले पायजेत."

"लाल?"

"लाल. म्हंजे लांबून दिसतील."

"बरं. करतो येवस्थित."

एवढंच बोलणं झालं. रंग कुठून आणायचा, कोणता आणायचा, हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

पाहणीच्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गावी गेलो. जागा झाडून लख्ख केलेली. चार कोपऱ्यांना चार दगड, गुडघ्याएवढे, आणि चारींना तेलात कालवलेला शेंदूर. उन्हात नुसते चमकत होते. प्रत्येकापुढे हळद-कुंकू, झेंडूची दोन फुलं, अगरबत्ती आणि फोडलेला नारळ. रंगाच्या डब्यासाठी ताडकळसला जावं लागलं असतं, आणि बाजाराच्या दिवसाशिवाय दादा ताडकळसला जात नाहीत. घरात शेंदूर होता.

"अन् नुस्ता दगूड रंगवायचा, हे काय बरं दिसत न्हाई," दादा म्हणाले. "लेकरं बसनार हायत हितं. मेंढराचा तळ नव्या रानात टाकला तरी आपन दगूड मांडून पाया पडतोच की."

मला ते बघून छान वाटलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे प्रत्येक जण मला म्हणाला, तू शिकलेला, तुला कळायला नको होतं का? नाही कळलं. बांधावर, विहिरीच्या कडेला, वाड्याच्या तोंडाशी शेंदराचा दगड मी जन्मापासून बघतोय. त्यात वेगळं काही दिसायचं तर आधी डोळे दुसरीकडचे पाहिजेत.

आणि दुसरीकडचे डोळे आले त्यांनाही काही दिसलं नाही. अभियंता साहेब तरुण होते, मोटारसायकलवर आले. त्यांनी टेप लावून माप घेतलं, चारी कोपऱ्यांचे मोबाईलवर फोटो काढले, टोपी-उपरणं घेतलं आणि खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लावून खाल्लाही. "जागा चांगली आहे. काही अडचण नाही," असं म्हणून गेले. दादा दिवसभर खुशीत होते.

फेब्रुवारी सरता सरता त्रुटीपत्र आलं. मी ते कचेरीच्या जिन्यात उभं राहून तीनदा वाचलं. सादर केलेल्या छायाचित्रांवरून प्रस्तावित जागेच्या चारही कोपऱ्यांस धार्मिक स्थळे असल्याचे दिसून येते, सबब खुलासा व ना-हरकत सादर करावी, असं त्यात होतं.

त्या दिवशी मी "आत येऊ का" विचारलंच नाही. सरळ आत गेलो.

"सर, ते हद्दीचे दगड आहेत."

मोठ्या बाबूंनी फोटो काढून टेबलावर मांडले. "शेंदूर आहे का?"

"आहे."

"नारळ आहे?"

"आहे, पण सर—"

"अगरबत्ती पण दिसायलीय. हे बघा, धूर सुद्धा आलाय फोटोत. मग हद्दीचा दगड कसा? चार कोपऱ्याला चार देव बसवलेत तुम्ही. शाळा बांधायलात का यात्रा भरवायलात?"

"सर, नकाशात प्रदक्षिणेला जागा सोडलीय का बघा," मॅडम पलीकडून म्हणाल्या.

"पाहणीला आलेल्या साहेबांनी प्रसाद खाल्ला होता," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते का निघालं माहीत नाही.

"खाल्ला असंल. ते त्यांच्या अहवालात नाही." मग ते जरा हळू बोलले. "हे बघ बाळा, उद्या कुणी उठून म्हणालं, सरकारनं देवाच्या जागेत खोदलं, तर कागदावर सही कुणाची? माझी. मला दीड वर्ष राहिलंय. मला सुखानं घरी जायचंय."

"मग मी काय करू?"

"अध्यक्षांच्या सहीनं लिहून आण. हे देव नाहीत, यांची पूजा झालेली नाही, होणार नाही. खाली ग्रामपंचायतीचा दाखला. झालं."

मला वाटलं, इतकंच ना. तिथल्या तिथे मजकूर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गावी गेलो. शाळा सुटल्यावर सभामंडपातच सगळे बसले. दादा, हेडमास्तर, ग्रामसेवक आणि माझे चुलते. चुलते समितीत नाहीत, पण गावात चार माणसं बसली की पाचवे तेच असतात.

दादांनी कागद मांडीवर घेतला. बोट ठेवून पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. मग कागद परत माझ्या हातात दिला.

"ही सही न्हाई व्हायची."

"कामून?" चुलते म्हणाले. "टाक की सही. देव काय कागद वाचायलाय का?"

"देव न्हाई वाचत. पन मी वाचला न्हवं आत्ता." दादा माझ्याकडे बघत होते. "सवता शेंदूर लावला, नारळ फोडला, पाया पडलो. अन् आता लिहून देऊ का, पूजा झालीच न्हाई म्हून? मग त्या दिवशी पाया कुनाच्या पडलो? मोटारसायकलीच्या?"

हेडमास्तर म्हणाले, "दगड उचलून दुसरीकडे नेऊन ठेवले तर? सन्मानानं, अगदी वाजतगाजत."

"दगड हलला की हद्द गेली," ग्रामसेवक म्हणाले. "मोजणीचा नवा अर्ज करा. तारीख मिळेस्तोवर पावसाळा येतो."

"मग नुसता शेंदूर खरवडून काढला तर?"

मग चुलत्यांनी विचारलं, "कोन काढनार मास्तर? तुमी?" हेडमास्तरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"बगा बरं," चुलते हात वर करून म्हणाले, "शाळा देवळात भरती, ते सरकारला चालायलंय. देव शाळंत गेला, तर ते चालंना!"

सगळे हसले. ग्रामसेवक तर मांडीवर थाप मारून हसले. मला हसू येत नव्हतं. मार्च लागला होता. मला मोठ्या बाबूंचा राग येत होता, त्या धूर दिसणाऱ्या फोटोचा येत होता, आणि त्याहून जास्त दादांचा येत होता. एक सही. हजार ठिकाणी लोक न वाचता करतात, तशी एक सही.

"दादा," मी म्हणालो, "धाकटी घरी बसंल."

"मला ठावं हाय."

"आक्कासारखी."

हे चार लोकांत बोलायला नको होतं. दादा उठले, काठी घेतली आणि मेंढ्यांकडे गेले. हसणं थांबलं होतं. चुलतेसुद्धा चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. मी परत जायला पिशवी भरून बाहेर आलो. ते वर न बघता म्हणाले, "खोटं न्हाई असं काय लिहिता येतंय का, बग. तू शिकायलास न्हवं?"

मी पिशवी ठेवली आणि वही घेऊन त्यांच्याजवळ बसलो. मी वाक्य म्हणायचं, त्यांनी ऐकायचं आणि नाही म्हणून मान हलवायची. "या दगडांना देव मानले जात नाही" म्हणालो, मान हलली. "ही पूजा केवळ प्रथा म्हणून" म्हणालो, तर म्हणाले, "केवळ म्हंजे काय? उगं केली का मी?" तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मी चिडून वही मिटली. "मग तुमीच सांगा की."

ते खरंच सांगायला लागले, कोकराच्या तोंडातली बाटली न काढता. मी फक्त त्याला कचेरीचे कपडे घातले. शेवटी कागदावर आलं ते असं: सदर जागेवर कोणतेही मंदिर, समाधी किंवा बांधकाम नाही. चार कोपऱ्यांना मोजणीचे चार दगड आहेत. पाहणीच्या दिवशी गावाने त्यांची पूजा केली आहे. येथे शाळा बांधण्यास गावातील कोणाचीही हरकत नाही.

"दगडाचीबी हरकत न्हाई, असं लिव्ह," दादा म्हणाले.

"दादा, असं लिहीत नसतेत."

"कामून? शाळेसाठीच तर लावला शेंदूर. त्येची हरकत आसंल का? उलट खरं हाय ते."

माझा पेन थांबला होता. मोठ्या बाबूंचा चेहरा डोळ्यापुढे आला. पण दादा कोकरू खाली ठेवून हात पुसत होते, सही करायला. मी लिहिलं: तसेच सदर दगडांचीही हरकत नाही. दादांनी एकेक अक्षर काढत सही केली. ग्रामसेवकांनी न वाचता शिक्का मारला.

मोठ्या बाबूंनी कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर थांबले. पुन्हा वाचली. मॅडम उठून त्यांच्या खुर्चीमागे आल्या, त्यांनीही वाचली, आणि तोंडाला पदर लावला.

"हे कुणी लिहिलं?"

"अध्यक्षांनी सांगितलं. मी लिहिलं."

"दगडांची ना-हरकत." त्यांनी चष्मा काढला. "तीस-पस्तीस वर्षं झाली मला. हे वाक्य काढ. दुसरा कागद आण."

"नाही, सर." मी म्हणालो. "त्या वाक्यामुळंच सही झालीय. ते काढलं तर सही राहत नाही."

मला वाटलं आता फाईल अंगावर येणार. पण त्यांनी फाईल काखेत मारली आणि शेवटची सही करणाऱ्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मी बाहेर बाकावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, संपली. आतून एकदा मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. तीननंतर मला बोलावलं.

आत मोठे साहेब होते आणि पाहणीला आलेले ते तरुण अभियंता. मोठे साहेब म्हणाले, "दगड तुमचे राहू द्या. पण इमारत दगडांपासून दोन मीटर आत घ्यायची. उद्या पूजेला माणसं आली, तर वर्गाच्या भिंतीला खेटून नकोत."

अभियंत्यांनी नकाशावर पट्टी ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. जागा लांबट आणि अरुंद होती. "खोल्या दोन्ही बसतात, सर. समोरचा व्हरांडा बसत नाही."

"व्हरांडा ठेवायचा असेल तर नवा नकाशा, नवं अंदाजपत्रक, पुन्हा तांत्रिक मंजुरी. मार्चमध्ये होणार नाही," मोठे साहेब मला म्हणाले. "सोडायचा असेल तर आज सही करतो. तुमच्या अध्यक्षांना विचारा."

मी बाहेर येऊन दादांना फोन लावला. त्यांचा तळ तेव्हा चुडाव्याकडच्या रानात होता. फोन बंद. पुन्हा लावला, बंद. हेडमास्तरांना लावला. ते म्हणाले, "मी सरकारी माणूस. समिती म्हणेल ते मला मान्य." चुलत्यांना लावला.

"व्हरांडा न्हाई म्हंजे? लेकरं खिचडी कुठं खातील? थांब, मी चार जनांना इचारतो, उद्या सांगतो."

"काका, उद्या नाही, आत्ता."

"आत्ता कसं? असं घाईनं कुठं शाळा बांधतेत का?"

दारातून मला आतलं टेबल दिसत होतं. आमच्या फाईलवर दुसऱ्या कुणाची फाईल येऊन बसली होती. ते बघून मला काय झालं सांगता येत नाही. घरात काय भाजी करायची तेसुद्धा मी कधी ठरवलं नव्हतं. मी आत गेलो आणि म्हणालो, "चालेल, सर. व्हरांडा सोडा."

"अध्यक्ष काय म्हणाले?"

खोटं बोलता आलं असतं. "फोन लागला नाही, सर. त्यांची लेखी संमती उद्या आणून देतो. आणली नाही तर सही रद्द करा."

मोठ्या साहेबांनी मोठ्या बाबूंकडे बघितलं. मोठे बाबू म्हणाले, "आणतो, सर. हा पोरगा सारखा येतच असतो." अभियंत्यांनी लाल पेन्सिलीनं व्हरांड्यावर दोन रेघा मारल्या. दोन रेघांत गेला तो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी चुडाव्याला उतरलो आणि विचारत विचारत दादांचा तळ शोधला. हरभरा काढलेल्या रानात मेंढ्या पसरल्या होत्या. मी सगळं सांगितलं. व्हरांड्याचं सगळ्यात शेवटी.

दादांनी विचारलं, "खोल्या दोनी हायत?"

"हायत."

"धाकटीचं?"

"सातवी गावातच."

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला, पण सही करायच्या आधी पूर्ण वाचला. बोट ठेवून, एकेक ओळ. मी घाई केली नाही. सही करून म्हणाले, "व्हरांड्यासाठी लय शिव्या खाशील बग. अध्यक्ष मी, अन् शिव्या तुला."

तसंच झालं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी निघाली, पण गावात कुणी तिचं नाव काढलं नाही. चुलते मला दिसेल तिथे हाक मारायचे, "ए कॉलेजवाल्या, आमचा व्हरांडा कुठं ठिवलास?" हेडमास्तरांनी बैठकीत सांगितलं की व्हरांड्याचा निर्णय त्यांना विचारून झालेला नाही. माझी हजेरी कमी भरली म्हणून कॉलेजात अर्ज द्यावा लागला, तो वेगळाच. कधी कधी वाटतं, एक दिवस थांबून चार जणांना विचारायला हवं होतं. मग वाटतं, त्या चार जणांनी आणखी चार जणांना विचारलं असतं.

दिवाळीनंतर खोल्या ताब्यात मिळाल्या. दारातून एकदम अंगणच लागतं. मागच्या वेळी घरी गेलो तेव्हा धाकटी माझ्यावर चिडलेलीच होती.

"भैय्या, अवकाळी पाऊस आला तर चपला कुठं काढायच्या? भायेर काढल्या तर भिजतेत, आत घातल्या तर सर वरडतेत. अन् खिचडी दारात उभं ऱ्हाऊन खावी लागती. कसली शाळा पास करून आनली रे तू?"

मी म्हणालो, चुकलं माझं. ती आणखी बराच वेळ भांडली. मी ऐकून घेतलं. ती सातवीत आहे, तिचा बाक त्याच खोलीत आहे, त्यामुळे भांडायचा हक्क तिचाच.